मंत्रपुष्पांतलीं राज्यें

गेल्या भाद्रपदांत आरती आटोपून सारें घर हातांत फुलें घेऊन मंत्रपुष्प म्हणत असतां आमची धाकटी नात मध्येंच म्हणाली, "आजोबा, भौज्य म्हणजे जेवण का हो?" सारे हंसले. आम्हीहि हंसलों; पण उत्तर मात्र चटकन् सुचलें नाहीं. तीस वर्षें संस्कृत शिकविलें, आणि देवापुढें राज्यपद्धतींची ही यादी लहानपणापासून बिनदिक्कत म्हणत आलों!

रात्रीं ऐतरेय ब्राह्मण काढलें. आठव्या पंचिकेंत, ऐंद्र महाभिषेकाच्या प्रकरणीं, एकेका दिशेस एकेक पद्धति नेमून दिली आहे. पूर्वेस साम्राज्य, दक्षिणेस सात्वतांचें भौज्य, पश्चिमेस स्वाराज्य, मध्यदेशीं कुरुपांचालांचें नुसतें राज्य. उत्तरेस आल्यावर मात्र ग्रंथाची भाषा बदलते. इतरत्र राजांस अभिषेक होतो. हिमालयापलीकडील उत्तरकुरु व उत्तरमद्र यांच्या बाबतींत तो जनपदांसच सांगितला आहे, आणि त्यास वैराज्य म्हटलें आहे. एवढ्यावरून काशीप्रसाद जायसवाल यांनीं १९२४ सालच्या 'हिंदु पॉलिटी' या ग्रंथांत वैराज्य म्हणजे राजा नसलेलें राज्य, असा अर्थ केला. तो सर्वमान्य झाला नाहीं. पंडितांत सर्वमान्य असें फारसें कांहीं नसतेंच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तोच शब्द अगदीं निराळा भेटतो. जिवंत राजापासून हिसकावलेल्या देशावर जो बसतो, तो 'हें माझें नव्हे' अशा बुद्धीनें त्यास पिळतो, विकावयास काढतो, आणि लोक बिथरले म्हणजे सोडून जातो. हें कौटिल्याचें वैराज्य. येथें कोणास १९४७ पूर्वींच्या राज्याची आठवण झाली, तर तो दोष आमचा नव्हे.

परंतु आमची झोंप उडविली ती आणखी एका गोष्टीनें. मंत्रपुष्पांत 'एकराट्' झाल्यावर आपण लगेच मरुत्त राजाच्या श्लोकावर येतों. मूळ ग्रंथांत या दोहोंच्या मध्यें बराच मजकूर आहे, आणि त्याचा आरंभच शपथेनें होतो. अभिषेकापूर्वीं राजानें पुरोहितापुढें म्हणावयाचें कीं, मी तुझा द्रोह केला तर जन्मल्या रात्रीपासून मरणाच्या रात्रीपर्यंतचें माझें पुण्य, आयुष्य व संतति तूं हिरावून घे. ऐश्वर्याचीं नांवें तेवढीं आपण पाठ केलीं, आणि शपथ गाळली! ती प्रजेपुढें नसून पुरोहितापुढें आहे, हेंहि खरें. पुरोहितांच्या ग्रंथांत दुसरें काय असणार?

थोरल्या बंधूंच्या पश्चात् घराच्या किल्ल्या आमच्याकडे आल्या, त्यास बारा वर्षें झालीं. शपथ कोणीं मागितली नाहीं, आम्हीं घेतली नाहीं. चैत्रांत पुतण्यानें शेताचा व वाड्याच्या भाड्याचा हिशेब पाहावयास मागितला, तेव्हां "आमच्यावर विश्वास नाहीं काय?" म्हणून आम्हीं त्यास गप्प बसविलें. तेव्हांपासून तो आमच्याशीं कामापुरतेंच बोलत होता.

दुसरे दिवशीं नातीस भौज्याचा अर्थ सांगितला. भोज म्हणविणाऱ्या राजांचें राज्य. तिला जेवणच अधिक पसंत होतें. मग पुतण्यास हांक मारून बाराहि वर्षांच्या वह्या माजघरांत मांडल्या. तिसऱ्या वर्षाच्या बेरजेंत नऊशें रुपयांची चूक निघाली. ती सूनबाईंनीं दाखविली.