रंग पाहिला, पत्रा नाही पाहिला

आपण बैल कसा विकत घेतो ते तुम्हाला सांगायला नको. दात पाहतो, खांद पाहतो, शेपटी उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो. आमच्या आर्वी-कारंजाच्या पट्ट्यात तर गवळाऊ बैल. पांढराशुभ्र, हलक्या अंगाचा, चालीला चपळ. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचा सरकारी फार्म आहे. अशा गावात वाढलेला माणूस जनावर घेताना सहसा फसत नाही. दलालाने कितीही तारीफ केली तरी जू मानेवर ठेवून पाहिल्याशिवाय आपण पैसे मोजत नाही.

आणि तरीही मी फसलो. बैलात नाही, गाडीत. झाले ते सगळे सांगतो, म्हणजे तुमच्या घरचे पैसे तरी वाचतील.

आमचे गाव वर्धा-आर्वी रस्त्यावर, आंजीच्या पुढे. घरात आम्ही सात माणसे. बाबांचे वय झालेले. त्यांना दर महिन्याला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवायला न्यावे लागते. वावरात कपाशी, तूर आणि थोडा भाजीपाला. भाजी वर्ध्याच्या बाजारात न्यायची तर दर खेपेला दुसऱ्याच्या गाडीचे भाडे. म्हणून ठरले की एक जुनी व्हॅन घ्यायची. मागच्या सीटा काढल्या की भाजी, लावल्या की घरची माणसे. कपाशीचे पैसे होते, ते पुरेनात. घरच्या लक्ष्मीने आपली पोत काढून दिली. "गाडी आली की दोन वर्षांत पोत परत करा," एवढेच ती म्हणाली. असे मिळून एक लाख चाळीस हजार रुपये खिशात घेऊन मी आणि धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात नागपूरला गेलो.

जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे ती उभी होती. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दिव्यांच्या उजेडात गाडी नव्या नवरीसारखी चमकत होती. खाली नवी चटई, सीटांना नवी कव्हरे. इंजिन सुरू केले तर आवाज अगदी गोड. विक्रेत्याने चहा पाजला. कागदावर "आहे त्या स्थितीत" असे काहीतरी लिहिले होते. आम्ही सही केली आणि किल्ली घेतली. रात्री धाकट्याच्या सासुरवाडीला मुक्काम केला आणि सकाळी निघालो.

नागपूरहून वर्धा सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. बुटीबोरी मागे पडली की दोन्ही बाजूंनी शेते सुरू होतात. उन्हाळ्यात नांगरलेली काळी ढेकळे आणि मधूनमधून पळसाची हिरवी झाडे. रस्ता आता चौपदरी झाला आहे, गाडी सुरेख पळत होती. पुढे केळझर लागते. टेकडीवर सिद्धिविनायकाचे देऊळ. केळझर म्हणजेच महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुराला मारले ते हेच गाव, असे इकडची मंडळी पिढ्यानपिढ्या सांगत आली आहेत. नव्या गाडीला गणपतीचे दर्शन घडवावे म्हणून थांबलो, नारळ फोडला.

निघालो आणि अवकाळी सर आली. दहाच मिनिटांची. पण धाकटा म्हणाला, "दादा, माह्या पायाखाली ओलं कसं लागून राह्यलं?" चटई ओली झाली होती. काच नीट लागली नसेल, असे म्हणून मी विषय संपवला. त्याच वेळी चटई उचलली असती तर! पण पैसे मोजून झालेला माणूस दोष शोधत नाही, झाकत बसतो.

सेलू ओलांडून पवनारला आलो. धाम नदीच्या पुलाशी थोडे थांबलो. तुम्ही कधी वर्ध्याकडे आलात तर पवनार चुकवू नका. नदीच्या पात्रात काळे खडक, त्यांच्यामध्ये गांधीजींच्या अस्थिविसर्जनाची आठवण सांगणारी छत्री, आणि काठावर उंचवट्यावर विनोबाजींचा आश्रम. विनोबाजी १९३८ साली इथे राहायला आले. १९५९ साली त्यांनी इथे बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी इथेच देह ठेवला. ते स्वतः शेतात खोदायचे. त्या खोदकामात जुन्या मूर्ती निघाल्या. राम आणि भरताच्या भेटीचे शिल्प आश्रमात आजही पाहायला मिळते. वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असे इतिहासाचे जाणकार वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले. एवढे सगळे जमिनीच्या पोटात दडलेले, आणि वरून पाहणाऱ्याला दिसते नुसते माळरान. आमच्या गाडीच्या पोटातही काहीतरी दडले होते, पण ती भरतभेट नव्हती.

जून उजाडला. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले. बाबांना घेऊन सेवाग्रामला निघालो. ते मधल्या सीटवर, शेजारी माझी सहा वर्षांची मुलगी. सेवाग्रामच्या फाट्याजवळ गतिरोधकावर गाडी हळू केली, चाक चढून उतरले आणि कड्‌ असा आवाज आला. सीटचा पुढचा पाय बोल्टासकट तळाच्या पत्र्यातून खाली गेला. बाबा पुढे कलंडले. मुलगी त्यांच्या अंगावर. गाडी सावकाश होती म्हणून नुसते खरचटले. वेगात असतो तर काय झाले असते, तो विचार आजही मी पुरा करत नाही.

बाबांना दवाखान्यात दाखवले. औषधे मिळायला वेळ होता म्हणून आम्ही आश्रमात जाऊन बसलो. गांधीजी १९३६ साली या गावी आले, तेव्हा याचे नाव शेगाव होते. बापूकुटी तुम्ही पाहिली असेल. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. मुलगी भिंतीला हात लावून म्हणाली, "बाबा, हे आपल्या जुन्या घरासारखं आहे." खरेच होते. मातीच्या भिंतीला भेग पडली की ती सगळ्यांना दिसते. घरची बाई माती कालवते, लिंपते, सारवते. दुखणे उघडे, औषधही उघडे. आणि माझ्या दारात उभी असलेली ती चमकणारी गाडी!

त्याच दिवशी गाडी हळूहळू वर्ध्याला आर्वी नाक्याकडे एका पत्र्याच्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी काही न बोलता खिशातून लोहचुंबक काढले, फडक्यात गुंडाळले आणि गाडीच्या अंगावरून फिरवले. दाराच्या वरच्या भागाला ते चिकटे, खालच्या भागावर आले की गळून पडे. "भाऊ, इथं पत्राच नाही," ते म्हणाले, "ही लांबी आहे." लांबी म्हणजे खड्डा बुजवायची लुकण. तीवर घासून रंग मारला की डोळ्याला पत्राच वाटतो. मग त्यांनी चटई उचलली. खाली फायबरची जाळी चिकटवून वर डांबरासारखा काळा लेप दिलेला. पेचकस नुसता टेकवला तर आरपार गेला. हाताने गंजाचे पापुद्रे निघाले, जसे जुन्या कढईचे निघतात.

मिस्त्रींनी कारण समजावून सांगितले. लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले की गंज चढतो, आणि त्यात मीठ मिसळले की तो झपाट्याने चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आधी रंगाला फोड येतात, मग पत्रा फुटतो. त्यांनी नोंदणीचे पुस्तक मागितले. गाडीचा क्रमांक होता एमएच ०४, म्हणजे ठाण्याचा. आपल्या वर्ध्याचा एमएच ३२. "खाडीकाठच्या खाऱ्या हवेत उभी राह्यलेली गाडी असन," ते म्हणाले. पुस्तक माझ्या खिशात महिनाभर होते. मी फक्त नाव आणि शिक्का पाहिला होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती नीट लक्षात ठेवा. ट्रकला खाली वेगळी जाड चेसिस असते. लहान व्हॅनला बहुधा तशी वेगळी चेसिस नसते. तिचा तळ, दाराखालची पेटी आणि खांब हाच तिचा सांगाडा. त्यामुळे तळाचा गंज हा नुसता दिसण्याचा दोष नाही. सीट, पट्टा, चाकाचे आधार सगळे त्यालाच धरून असतात. आणि आपण शेतकरी त्यात खताची पोती टाकतो. सांडलेले खत ओल धरते आणि पत्रा खाते. खत नेले की तळ धुऊन कोरडा करा.

नागपूरला विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला, "पाहून घेतली ना तुम्ही? सही आहे तुमची." ओळखीच्या एका वकिलांनी धीर दिला. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा, आता २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे आम्हाला वर्ध्यालाच. मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असली तर शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. आम्ही तळाचे फोटो काढले, मिस्त्रींकडून लेखी घेतले आणि विक्रेत्याला रजिस्टर पत्र पाठवले. दोन महिन्यांच्या ओढाताणीनंतर त्याने बारा हजार दिले. दुरुस्तीचा खर्च निघाला सव्वीस हजार.

खरी परीक्षा पुढेच होती. धाकटा म्हणाला, "दादा, कशाले एवढा खर्च? चार हजारात पुन्हा लांबी भरू, रंग मारू, अन् काटोलकडं काढून टाकू. आपले पैसे तरी निघतीन." खोटे कशाला बोलू, मलाही ते पटले होते. पोतीची आठवण रोज टोचत होती. आम्ही ओसरीवर हे बोलत होतो. बाबा खाटेवर पडून ऐकत होते. ते उठून बसले आणि म्हणाले, "काढून टाका. पन मले एक सांगा, तिथं त्या सीटवर कोनाचा बाप बसंन?"

कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी सडका पत्रा कापून काढला, नवा जाड पत्रा जोडला, सीटखाली लोखंडी पट्ट्या दिल्या.

आता तुम्ही जुनी गाडी घ्यायला निघाल तेव्हा एवढे करा. दिवसाउजेडी जा, आणि गाडी ओली असेल तर वाळू द्या. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून आणि चाकांच्या वरच्या कमानीवरून फिरवा. बोटाने ठोकून पाहा, पत्रा खणखणतो, लांबी बद्द वाजते. दारांच्या फटी सारख्या आहेत का, रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का ते बघा. चटई उचलायला लावा. विक्रेता नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. गाडीखाली वाका. जुन्या गाडीला खालून नवा काळा लेप दिसला तर विचारा, कशासाठी? सीटचा पट्टा पूर्ण ओढून टोकापर्यंत पाहा. त्यावर चिखलाचा डाग असला तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. २३ सप्टेंबर २०२३ च्या नागपूरच्या पुरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलेच. चेसिस क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहा. कर्जाचा बोजा उतरला आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले आहे, ते दाखवायला सांगा. आणि शंभर-दोनशे रुपये देऊन आपला मिस्त्री सोबत न्या. बैलबाजारात जाणत्या माणसाला सोबत नेतोच ना आपण!

आमची गाडी अजून चालते. मिस्त्रींनी रंगाचे विचारले तेव्हा बाबांनी नको म्हटले. जिथे जिथे नवा पत्रा जोडला तिथे नुसता तांबडा रेड ऑक्साइड लावला आहे. वर्ध्याच्या बाजारात पोरे हसतात, "काका, गाडीले ठिगळं लावले का?" मी हो म्हणतो. बाबा मधल्या सीटवर बसून महिन्याला सेवाग्रामला जातात. पोत अजून परत करायची आहे. यंदा कपाशी बरी दिसते आहे.