डावी बाजू

मराठी पानात वाढण्याचा क्रम ठरलेला असतो. मीठ आधी येते. त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजव्या हाताला भाज्या आणि आमटी. मग भात, त्यावर वरण आणि तूप. जेवणाविषयी आपण बोलतो तेव्हा सहसा उजव्या बाजूविषयी आणि पक्वान्नांविषयी बोलतो. डावीकडच्या पदार्थांना ‘तोंडी लावणे’ म्हणतात. त्यांनी पोट भरत नाही आणि त्यांच्यासाठी कोणी कोणाला जेवायला बोलावीत नाही. माझ्या स्मरणात मात्र अन्न म्हणून जे टिकून राहिले आहे ते जवळजवळ सगळे या डाव्या बाजूचे आहे. आणि त्यातही विशेषतः मेतकुटाचे.

मेतकूट ही खरे तर फार साधी वस्तू. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, थोडे तांदूळ, थोडे गहू, धणे, जिरे, मोहरी, मेथी, हळकुंड, सुंठ आणि हिंग ही सामग्री. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगळा भाजायचा आणि सगळे एकत्र दळायचे. मऊ गुरगुट्या भातावर तूप, मीठ आणि चमचाभर मेतकूट घातले की आजाऱ्याचेही जेवण होते आणि धडधाकट माणसाचेही. दह्यात कालवून वरून फोडणी दिली की तेच डावीकडे वाढता येते. यातला कोणताही जिन्नस महाग नाही, कोणतीही क्रिया अवघड नाही. अवघड आहे ते भाजणे कुठे थांबवायचे हे कळणे. डाळ गुलाबी व्हायला हवी, तांदूळ फुलायला हवेत, आणि मेथी तांबूस होताच उतरवायला हवी. ती क्षणभर जास्त राहिली तर साऱ्या पिठाला कडवटपणा येतो.

माझ्या आईला हे थांबणे वासावरून कळे. ती मिरजेची. मी 1987 साली अध्यापनासाठी बंगळूरला आले तेव्हा तिने माझ्या ट्रंकेत मेतकुटाचा डबा ठेवला होता आणि पुढे बारा वर्षे तो डबा मिरजेहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर भरून येत राहिला. मी तो रिकामा करून परत पाठवी. कृती विचारावी असे मला कधी वाटले नाही. त्या काळात मी पाठचिकित्सेच्या कामात बुडालेली होते. एका पोथीतला शब्द दुसरीत का बदलला, लेखनिकाचा हात कुठे चुकला, यावर मी पाने लिहीत होते. स्वयंपाकघर हे बुद्धिमान बाईला अडकवून ठेवणारे ठिकाण आहे, असे माझे मत होते. ते अगदीच चुकीचे होते असे आजही वाटत नाही. पण त्या मतामुळे मी काय पाहिले नाही, हे कळायला फार उशीर झाला.

वडील गेल्यानंतर, 1999 साली, आई बंगळूरला माझ्याकडे राहायला आली. आम्ही बसवनगुडीत राहत होतो. शेजारी एक कन्नड बाई होत्या, आईहून तीन-चार वर्षांनी मोठ्या. आई त्यांना अक्का म्हणू लागली. त्या आईला अम्मा म्हणत. मिरजेच्या बाजारात ऐकून आलेले कन्नड आईला थोडेफार येत होते, अक्कांना मराठी मुळीच येत नव्हते. तरी पहिल्या महिन्यातच आईच्या मेतकुटाची वाटी शेजारी गेली आणि तासाभरात तीच वाटी तशाच पिवळसर पिठाने भरून परत आली. अक्का दारात उभ्या राहून हसत होत्या. ‘मेंत्यद हिट्टु,’ त्या म्हणाल्या. मेथीचे पीठ. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या होत असलेला तोच पदार्थ, फक्त त्यात ब्याडगी मिरची होती आणि सुंठ नव्हती. आईने चिमूटभर जिभेवर ठेवले आणि मला म्हणाली, ‘अगं, हे आपलंच की!’

मग दोघींचा हा उद्योगच झाला. कोशिंबीर आणि कोसंबरी, तूप आणि तुप्प, पुरणाचा कडबू आणि कडुबु, अशा जोड्या त्या लावीत बसत. तूप हा शब्द मराठीत कन्नडमधून आला असे अभ्यासक मानतात हे मी सांगितले, तेव्हा अक्कांना त्याचे काहीच वाटले नाही. ‘तुपाशिवाय तुम्ही जेवत कसे होता?’ एवढेच त्यांनी विचारले. डिसेंबर-जानेवारीत गांधी बाजारात अवरेकाईचे ढीग लागत. ते दाणे भिजवून, चिमटीत दाबून साल काढायची, हे काम दोघी ओसरीवर बसून करीत. आपल्याकडे वालाला मोड आणून डाळिंब्या सोलतात तशीच बोटांची हालचाल. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी मोठ्या बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, तिला कडलेकाई परिषे म्हणतात. तिथून आई शेंगा आणी, आणि खलबत्त्यात लसूण, तिखट, जिरे आणि मीठ घालून दाण्याची चटणी कुटी, तेल सुटेपर्यंत.

हे सारे पाहताना माझ्यातल्या अभ्यासकाला मौज वाटे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, संस्कृतात. त्याची राजधानी आजच्या बीदर जिल्ह्यातली. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात इडलीशी नाते सांगणारी इड्डरिका आहे, डोशाशी नाते सांगणारे धोसक आहे आणि आपल्या मांड्यांचे पूर्वज मंडकही आहेत. कन्नड आणि मराठी अन्न तिथे एकाच राजाच्या पानात वाढलेले आहे. त्याच ग्रंथात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ओवीच्या इतिहासात ही नोंद आम्ही सगळेच वापरतो. मीही वर्गात ती कितीदा तरी सांगितली. ओवी गाणाऱ्या त्या बायका कांडत काय होत्या, असा प्रश्न मात्र मी कधी वर्गात विचारला नाही.

बंगळूरचे मराठी नाते तर आणखी जवळचे. 1638 पासून हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. पुढे शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे यांच्यात समेट झाला तेव्हा बंगळूर, होसकोट आणि शिरे हा प्रांत व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी देण्यात आला. हे 1677 च्या सुमाराचे. याच दीपाबाईंच्या आश्रयाला तंजावरात रघुनाथ नवहस्त नावाचा पंडित होता. त्याने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. परशुराम कृष्ण गोडे यांच्या लेखांमुळे तो अभ्यासकांच्या नजरेसमोर आला. धान्ये, भाज्या, दूधदुभते आणि पक्वान्ने यांचे गुणदोष त्यात नोंदवलेले आहेत. जिच्या चोळीबांगडीसाठी बंगळूर दिले तिच्याच पदरी एक अन्नग्रंथ सिद्ध व्हावा, ही गोष्ट मी आईला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘त्या राणीला स्वतःला काय करता येत होतं, ते लिहिलंय का त्यात?’

आता जे सांगायचे आहे ते मी आजवर लिहिले नव्हते. 2007 च्या पावसाळ्यातली गोष्ट. घरी माझे दोन शोधविद्यार्थी जेवायला होते. आईने मोठ्या हौसेने मऊ भात केला, ताजे मेतकूट वाढले. पहिल्याच घासाला ते कडू लागले. नुसते कडवट नव्हे, घास गिळवेना इतके कडू. विद्यार्थी बिचारे मुकाट्याने खात राहिले. मी मात्र बोलले. ‘इतकी वर्षं करतेस आई, आणि हे असं कडू? चाखून तरी बघायचं होतंस.’ आईने माझ्याकडे पाहिले, मग वाटीकडे पाहिले. ती काही बोलली नाही. उठून तिने सगळ्यांच्या पानावर लोणचे वाढले. त्यानंतर तिने मेतकूट केले नाही. मी दोन-तीनदा सुचवून पाहिले. ‘आता दळण कुठं मनासारखं मिळतं,’ असे काहीतरी ती म्हणे. माझ्या वाक्याने ती दुखावली हे मला कळत होते. क्षमा मागायला मी चांगली वेळ शोधत राहिले.

पुढच्या वर्षभरात तिचे विसरणे आम्हा सगळ्यांच्याच ध्यानात आले. डॉक्टरांनी त्याला नाव दिले. 2010 च्या मार्चमध्ये ती गेली. शेवटच्या काही महिन्यांत ती मला आपली धाकटी बहीण समजत होती. तेव्हा मी क्षमा मागितली तरी ती कोणाच्या वतीने मागितली हे तिला कळले नसते. मी मागितलीही नाही.

वर्षश्राद्धानंतर अक्का एक काचेची बरणी घेऊन आल्या. आईचे मेतकूट. त्यांनी केलेले, पण आईच्या मापाने. मग त्या हळूहळू सांगू लागल्या, कन्नडमध्ये, मला समजेल असे. आईचे विसरणे त्यांना आमच्या दीड-दोन वर्षे आधीच कळले होते. भाजताना एखादा जिन्नस कढईत घातला की नाही हे आईच्या लक्षात राहीनासे झाले होते. म्हणून दर महिन्याला मेतकुटाच्या दिवशी अक्का येऊन शेजारी बसत आणि एकेक जिन्नस पडला की मोठ्याने त्याचे नाव घेत; गप्पा मारल्यासारख्या, आईला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून. त्या पावसाळ्यात अक्का पंधरा दिवस म्हैसूरला मुलीकडे गेल्या होत्या. आईने मेथी दोनदा घातली होती. ‘मी असते तर झालं नसतं,’ अक्का म्हणाल्या. दोष स्वतःकडे घेण्याची ती त्यांची रीत होती. मी पलीकडच्याच खोलीत पोथ्यांचे पाठभेद लावीत बसलेली असे, हे त्या म्हणाल्या नाहीत.

मी कागद घेतला आणि प्रमाण उतरवून घेऊ लागले. आमच्या घरी ‘रुचिरा’ होते. कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली त्या पुस्तकात वाटी-चमच्याची मापे दिली, म्हणून घर सोडून दूर गेलेल्या कितीतरी मुलींचे संसार सावरले. मद्रासच्या एस. मीनाक्षी अम्माळ यांनी तमिळ मुलींसाठी 1951 साली तेच केले होते. आईने मात्र काही लिहून ठेवले नव्हते. तिचे माप म्हणजे तिची मूठ आणि एक कडा चेपलेली पितळी वाटी. ती वाटी मिरजेचे घर आवरताना कुठे गेली कोण जाणे. अक्कांनी ते माप स्वतःच्या पावूत बसवले होते. पावू म्हणजे जुन्या म्हैसूर संस्थानातले, शेराच्या चौथाईचे माप. हरभरा डाळ एक पावू, उडीद डाळ अर्धा, तांदूळ आणि गहू पाव-पाव. धणे दोन मोठे चमचे, जिरे एक, मोहरी अर्धा. मेथी दोन लहान चमचे. हळकुंडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, तेवढीच सुंठ आणि हिंग. मी विचारले, ‘आईची मूठ तुमच्या पावूत किती भरत होती, हे तुम्ही मोजून पाहिलंत?’ अक्का म्हणाल्या, ‘मोजलं कुठं? रोज बघत होते ना.’ चवीला कन्नडमध्ये रुचि म्हणतात, आणि आपण ‘हाताची चव’ म्हणतो तिला ‘कै रुचि’. ती कागदावर येत नाही, असे त्यांनी मला बजावले, आणि तरी सगळे सांगितले.

त्या बरणीतले मेतकूट मी त्या रात्री भातावर घेतले. ते आईचे होते आणि नव्हतेही. सुंठ होती, ती आईची. मागून जिभेवर येणारा किंचित तिखटपणा कुठून आला, हे मी विचारले नाही. अक्कांच्या हाताला ब्याडगी मिरचीची सवय होती. आयुष्यभर मी मूळ पाठ आणि प्रक्षेप वेगळे करीत आले आहे. इथे ते करता येईना, आणि करावेसेही वाटेना. प्रक्षेप करणाऱ्या या हातामुळेच तर काहीतरी माझ्यापर्यंत पोचले होते.

अक्का 2016 साली गेल्या. तेव्हापासून मेतकूट मी करते. पहिली काही वर्षे मी मेथी एकच चमचा घालीत असे. कडू होईल ही भीती. पीठ खमंग होई, सगळे वाखाणीत, पण काहीतरी उणे वाटे. एकदा अक्कांच्या सुनेने चाखून पाहिले आणि सरळ विचारले, ‘मेंत्यद हिट्टु अंता, मेंत्य एल्लि?’ मेथीचे पीठ म्हणता, तर मेथी कुठे? मला उत्तर देता आले नाही.

गेल्या महिन्यात मी पूर्ण मापाने मेथी घातली. कढईपाशी उभी राहून एकेका जिनसाचे नाव मोठ्याने घेतले. आता माझेही वय विसरण्याचे आहे. पीठ दळून आले. मऊ भात केला, तूप घातले, वर चमचाभर मेतकूट. शेवटच्या घासाला थोडी कडसर चव आली, जशी यायला हवी तशी. एक वाटी भरून मी शेजारी पाठवून दिली.