केरळचं वादळ

जुम्म्याची नमाज संपवून मशिदीच्या पायऱ्यांवर चपला शोधत होतो, तेवढ्यात मामूंनी माझ्यासमोर मोबाइल धरला. "वाच बाबा, काय लिवलाय?"

तारीख पक्की लक्षात आहे, 1 डिसेंबर 2017. दुसऱ्या दिवशी ईद-ए-मिलाद होती आणि जुलूसाच्या तयारीतली बरीच कामं माझ्या गळ्यात होती. मामू कुरआन शरीफ वाचतात, उर्दू सावकाश का होईना वाचतात, मराठीत बोटीचा नंबर आणि दुकानाची पाटी वाचतात. सरकारी मराठी मात्र घरात फक्त मास्तरनं वाचायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. बँकेचं पत्र, डिझेल परताव्याचा कागद, लाईट बिलावरची बारीक अक्षरं, सगळं माझ्याकडे येतं. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

मेसेज दहा ठिकाणांहून फिरून आलेला होता. कन्याकुमारी, केरळ, लक्षद्वीप, वाऱ्याचा वेग, अक्षांश, रेखांश. मी वरून खाली एकदा नजर फिरवली आणि फोन परत दिला. "मामू, हे केरळचं आहे. आपल्याकडे काही नाही."

मामू "बरं" म्हणाले. शनिवारी जुलूस झाला, घरी जेवणं झाली आणि दुपारनंतर त्यांची बोट सहा खलाशी घेऊन बंदरातून बाहेर पडली. सोमवारी परत येणार होती.

घाटावरच्या वाचकांना थोडं समजावून सांगायला हवं. कोकणात भीतीचंही एक पंचांग असतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी कायद्यानंच बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला जातो, समुद्र शांत व्हायला लागतो. दिवाळी गेली की पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, पाणी थाळीसारखं सपाट होतं आणि बायका निर्धास्त झोपतात. डिसेंबर म्हणजे कमाईचे दिवस, शिवाय लग्नाचे. या महिन्यात समुद्राला भ्यायचं, हे आमच्या अंगवळणीच पडलेलं नाही.

अरबी समुद्र हे पंचांग मानत नाही. तिथे वादळांचे हंगाम दोन, एक पावसाळ्याच्या आधीचा आणि दुसरा पावसाळा सरल्यावरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. मामूंना हे माझ्याहून जास्त ठाऊक होतं. 11 नोव्हेंबर 2009 ला फयान वादळ आलं तेव्हा ते समुद्रात होते. त्या वादळात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतली माणसं परतली नाहीत. मामू परतले, आणि तेव्हापासून फोनवर "वादळ" एवढा शब्द ओळखता आला की कुणाकडून तरी वाचून घ्यायला लागले. त्या शुक्रवारी ते "कुणीतरी" मी होतो.

रविवारी सकाळी बातम्या पाहिल्या. केरळची 66 आणि तमिळनाडूची 2, अशा 68 बोटी 952 मच्छीमारांना घेऊन आमच्याच सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला, देवगडला लागल्या होत्या. मी ती बातमी तीनदा वाचली. ज्या केरळचं नाव घेऊन मी मामूंना निरोप दिला होता, ते केरळ जीव मुठीत धरून देवगडच्या खाडीत नांगर टाकून बसलं होतं.

मग तो शुक्रवारचा मेसेज शोधून पुन्हा वाचला, या वेळी नीट. 30 नोव्हेंबरला कन्याकुमारीच्या दक्षिणेला चक्रीवादळ तयार झालं होतं. ते इतक्या झपाट्यानं तयार झालं की तिकडचे हजारो मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते. शेकडो माणसं गेली, कित्येकांचा पत्ताही लागला नाही. पुढे ते लक्षद्वीपवरून अरबी समुद्रात शिरलं. आता हिवाळ्याच्या दिवसांत अशा वादळाला वरच्या थरातले पश्चिमेकडचे वारे वळवतात, आणि ते उत्तरेला, मग ईशान्येला तोंड करतं. म्हणजे कोकणाला समांतर, गुजरातच्या दिशेनं. हे मी शाळेत फळ्यावर बाण काढून मुलांना सांगू शकलो असतो. पायरीवर उभं राहून मामूंना सांगितलं नाही, कारण केरळ हा शब्द दिसल्याबरोबर माझं वाचणं थांबलं होतं.

मामूंचा फोन रेंजच्या बाहेर होता. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर आत गेलं की मोबाइल म्हणजे नुसती बॅटरी.

त्या दिवशी दत्तजयंती होती, मार्गशीर्षातली पौर्णिमा. पुनवेचं उधाण आणि वादळानं ढकललेलं पाणी एकाच रात्री आलं. ईशा झाल्यावर मी बंदरावर गेलो तर नेहमी कोरड्या असणाऱ्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, आणि वर ओढून ठेवलेल्या होड्या एकमेकींवर आपटत होत्या. चांदणं ढगाआडून मधूनच पडायचं. मामी दोन शेजारणींबरोबर भिंतीला टेकून उभी होती, ओठ हलत होते, हातात तसबीह. तिनं मला पाहिलं, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मेसेज मी वाचला होता हे तिला माहीत होतं की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही.

सोमवारी दहाच्या सुमारास जयगडहून फोन आला.

रविवारी दुपारी वारा फारसा नसतानाच खालून पाणी फुगायला लागलं, असं मामूंनी नंतर सांगितलं. लांब लांब, आवाज न करणारे डोंगर. मग मतलई बंद पडली आणि वारा दक्षिणेकडून आला. तांडेल जुना माणूस, तो म्हणाला हे डिसेंबरचं पाणी नव्हे. पाण्यात सोडलेलं जाळं ओढून घ्यायला वेळ नव्हता, कापून सोडून दिलं. त्या गडबडीत एका खलाशाची दोन बोटं दोरात सापडून चेचली. तो नेपाळचा पोरगा होता, पहिलाच हंगाम. जयगडच्या खाडीत शिरले तेव्हा अंधार पडला होता. त्या पोराची बोटं वाचली, एक मात्र अजून पूर्ण वळत नाही. जाळ्याचं कर्ज मामू पुढची दोन वर्षं फेडत होते.

मी माफी मागायला गेलो. मामूंनी चहा मागवला आणि म्हणाले, "तू वाचलंस त्यात काय चुकलं? केरलचाच होता."

ते टोमणा मारत नव्हते. म्हणूनच ते वाक्य अजून टोचतं.

5 डिसेंबरच्या रात्री ते वादळ थंड पाण्यावर येऊन विरत विरत सुरतजवळ संपलं. त्या दिवशी मुंबई, ठाणे, रायगड, पालघर आणि सिंधुदुर्गात शाळांना सुट्टी होती. 6 डिसेंबरसाठी दादरला चैत्यभूमीवर आलेल्या लोकांचे पावसात हाल झाले. आंब्याच्या बागायतदारांनी ढगांकडे बघत फवारणीचा हिशोब सुरू केला. वर्गात एका मुलीनं विचारलं, सर, ओखी म्हणजे काय? नाव बांगलादेशानं दिलेलं होतं, बंगालीत त्याचा अर्थ डोळा. मी फळ्यावर संस्कृत अक्षि लिहिलं, बाजूला उर्दू आँख लिहिलं, दोन्ही एकाच घरातले शब्द. मुलांना मजा वाटली. मला वाटलं, ज्याला डोळे होते त्यानं काय पाहिलं!

ही गोष्ट किनाऱ्यापुरतीच आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग 2021 च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत अवेळी पाऊस आला. अरबी समुद्रावर कमी दाब आणि वर पश्चिमेकडच्या वाऱ्यांचा पट्टा, दोघांनी मिळून कोकणापासून सह्याद्रीच्या पलीकडेपर्यंत ढग पसरवले. आमच्याकडे बोटी या वेळी बंदरातच होत्या. बी.एड.ला माझ्याबरोबर असलेला एक मित्र जुन्नर भागात शिकवतो, त्याचा सकाळी फोन आला. आवाज बसलेला. त्याच्या शाळेजवळच्या शेतात धनगरांनी वाघूर लावून मेंढ्या बसवल्या होत्या. शेताला खत मिळतं, धनगराला धान्य आणि पैसे, जुना व्यवहार आहे. रात्रभर पाऊस आणि बोचरा वारा. लोकर भिजून जड झालेली, आडोसा नाही, बसायला कोरडी जागा नाही. मेंढ्या उबेसाठी एकमेकींत घुसत राहिल्या, कोकरं खाली गेली. सकाळी निम्मा कळप आडवा. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून त्या दोन दिवसांत शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. द्राक्षांचे मणी तडकले त्याची बातमी जास्त मोठी झाली. द्राक्षाला निदान बाजारभाव असतो, तो छापता येतो.

मी मित्राला विचारलं, त्यांना इशारा मिळाला नव्हता का?

"मिळाला होता," तो म्हणाला. "म्हाताऱ्याच्या नातवाच्या फोनवर होता. त्यात लिहिलं होतं मध्य महाराष्ट्र. तो मला विचारतोय, गुरुजी, ते कुठं आलं?"

हवामान खात्याच्या नकाशात मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचा पट्टा. शिवनेरीच्या पायथ्याशी मेंढ्या घेऊन बसलेल्या माणसाला आपण त्यात मोडतो हे कुणी कधी सांगितलं होतं? त्याला ओतूर कळतं, माळशेज कळतो, अणे पठार कळतं. इशारा खोटा नव्हता, उशिरा आलेलाही नव्हता. फक्त त्यात त्याचं गाव नव्हतं. माझ्या मामूंच्या मेसेजमध्येही त्यांचं बंदर नव्हतं, आणि तिथे तर जोडीला मास्तर हजर होता.

हल्ली आमच्या मोहल्ल्यात इशारा आला की असरनंतर मशिदीच्या माइकवरून सांगतात. मजकूर मी लिहून देतो, कोकणीतच. दक्षिण कोकण किनारा असं मी लिहीत नाही. वेंगुर्ला, मालवण, देवगड, जैतापूर, पूर्णगड, मिरकरवाडा, जयगड, अशी बंदरं एकेक करून लिहितो. वादळ आत्ता कुठे आहे, कुणीकडे तोंड करून आहे, आपल्यापासून बोटीनं किती दिवसांवर आहे, हेही लिहितो. माइकवर वाचणारा तरुण कुरकुरतो की सर, फार लांबतं. लांबू दे.

मामू आता समुद्रात जात नाहीत, त्यांचा मुलगा जातो. पण मेसेज पहिल्यांदा मामूंकडेच येतो आणि तिथून माझ्याकडे. गेल्या हिवाळ्यात एकदा रात्री साडेअकराला त्यांचा व्हॉइस मेसेज आला, खोकत खोकत, एवढाच: "मास्तर, हा कुनाचा हाय?"

मी उठून दिवा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो.