वजनाच्या कोडला पत्ताच नाही!

सध्या मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलोय: ॲस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग! इतकी देखणी कल्पना 1997 पासून जगात आहे आणि माझ्या हाती ती आत्ता लागली. नवल काही ओसरत नाही.

ती कळायला आधी कंपोनंट, म्हणजे सुटा भाग, कळायला हवा. गोंदियात तो समजावून सांगायला पुस्तक लागत नाही, राइस मिल पुरते. शेलर, पॉलिशर, ग्रेडर, सॉर्टेक्स, मधे माल वर चढवणारे एलिव्हेटर. पॉलिशर झिजला तर तेवढाच काढायचा, नवा बसवायचा. मिल उभीच राहते. सॉफ्टवेअरही अशाच सुट्या, तयार भागांतून उभं करावं, असं डग मॅकइलरॉय यांनी 1968 सालीच जर्मनीतल्या गार्मिशच्या परिषदेत सांगितलं होतं. पण मिलमधली वीज आणि धूळ कुठल्या एका यंत्राची असते का? ती सगळ्यांतूनच जाते. सॉफ्टवेअरमध्येही काही कामं अशीच असतात: परवानगी तपासणं, नोंदी ठेवणं, चूक झाली तर सावरणं. कितीही नीट भाग पाडा, ही कामं सगळीकडे सांडलेलीच. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या ग्रेगर किझालेस आणि सहकाऱ्यांनी 1997 च्या निबंधात नेमकं हेच दुखणं पकडलं, आणि अशी सांडलेली कामं गोळा करून वेगळ्या भागात, 'ॲस्पेक्ट' म्हणजे पैलूत, ठेवायचं सुचवलं.

मी सरावासाठी धान खरेदी केंद्राचा एक छोटा प्रोग्रॅम जावात लिहिला होता. शेतकऱ्याची नोंदणी, सातबारा, काट्यावरचं वजन, चुकारा, बोनस. बोनस कधी क्विंटलमागे, कधी हेक्टरी, म्हणून त्याचा हिशेब वेगळ्या कंपोनंटमध्ये ठेवला. नियम बदलला की तेवढाच बदलायचा. पण 'कोणी, केव्हा, कोणती नोंद बदलली' हे टिपणाऱ्या ओळी? त्या प्रत्येक मेथडमध्ये, जागोजागी!

मग ॲस्पेक्टजे, म्हणजे जावाला अशा पैलूंची जोड देणारी भाषा, बसवलं. एकाच फाइलीत सांगितलं: 'सेव्ह'पासून नाव सुरू होणारी कुठलीही मेथड संपली की नोंद कर. बाकी कोडमधल्या त्या सगळ्या ओळी खोडून टाकल्या आणि प्रोग्रॅम चालवला. वजन भरलं, नोंद उमटली. चुकारा भरला, नोंद उमटली. वजनाच्या कोडमध्ये नोंदीचा एक शब्दही नाही, तरी नोंद हजर! कंपायलरनेच ते काम जागच्या जागी विणून दिलं होतं. मी खुर्चीतून उठलोच.

आणि पुढचं तर याहून भारी. हे पैलू प्रोग्रॅम चालू असतानाच लावता-काढता आले तर? ब्रसेल्समधल्या संशोधकांनी 2003 मध्ये 'जॅस्को' नावाची भाषा खास कंपोनंटसाठी बनवली, ती हेच करते. चालती यंत्रणा न थांबवता सुरक्षेचा नवा नियम लावायचा! त्याच वर्षी आपल्या पुण्यातून, टाटांच्या टीआरडीडीसी संशोधन केंद्रातून, विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांचा लेख 'आयट्रिपलई सॉफ्टवेअर'मध्ये आला. मॉडेलवरून कोड तयार करताना ही वेगवेगळी अंगं एकमेकांत न गुंतवता कशी हाताळावीत, हाच त्याचा विषय. हे काम पुण्यात झालं, हे कळल्यावर माझा ऊर भरून आला.

एक धोका मात्र खरा आहे. नुसता वजनाचा कोड वाचणाऱ्याला त्यामागे आणखी काय घडतंय ते दिसत नाही, म्हणून पैलू मोजकेच असावेत. हिशेबाचा मूळ नियम कधीही त्यात लपवू नये, असं माझं ठाम मत.

गोंदिया, भंडारा, बालाघाटच्या कॉम्प्युटरच्या मुलामुलींनो, ॲस्पेक्टजे फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला पतसंस्थेचा किंवा ग्रंथालयाचा प्रोग्रॅम घेतलाच असेल, तर त्यातल्या नोंदींच्या ओळी एका फाइलीत काढा आणि चालवून बघा. आजच बघा!