सहावा होरायझन आणि माझ्या शंका

१९ मे २०२६ ही तारीख आमच्या हाऊसमधल्या निम्म्या मुलांना पाठ आहे. इतिहासातल्या तारखा इतक्या लवकर पाठ होत नाहीत, अशी सरांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. त्या दिवशी 'फोर्झा होरायझन ६' हा मोटारींचा व्हिडिओ गेम बाजारात येणार आहे. लाइट्स आउटनंतर कुजबुज चालते ती याच विषयावर. कोणती गाडी आधी घ्यायची, टोकियो केवढे असेल, डोंगरातले रस्ते कसे असतील!

मी या मालिकेचा जुना चाहता. त्यामुळे सर्वांत जास्त आनंद मलाच झाला असणार, असे सगळे धरून चालतात. आनंद आहेच, पण त्याच्या बरोबरीने शंकाही येत आहेत, आणि त्यांना कारण आहे. आमच्या घरी कोणीतरी वापरून विकलेला जुना एक्सबॉक्स वन आहे. पाचवा भाग त्यावर चालतो, सहावा चालणार नाही. तो एक्सबॉक्स सिरीज एक्स, सिरीज एस आणि पीसी यांवरच येतो आहे, आणि याच वर्षी पुढे प्लेस्टेशन ५ वर. माझा दादा यंदा चाकणला एका कारखान्यात कामाला लागला. रविवारच्या फोनवर तो म्हणाला, "नवीन मशीन घेऊ का रे? सुट्टीत येशील तेव्हा दोघं खेळू. तू फक्त हो म्हण."

दादाचा पगार किती आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून 'हो' म्हणण्याआधी नीट विचार करणे भाग होते. तो विचार इथे लिहितो आहे.

ज्या सरांनी आणि पालकांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. इंग्लंडमधली प्लेग्राउंड गेम्स ही कंपनी होरायझन मालिका तयार करते. पहिला भाग २०१२ मध्ये आला. तो अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये घडतो. दुसरा फ्रान्स आणि इटलीत, तिसरा ऑस्ट्रेलियात, चौथा ब्रिटनमध्ये आणि २०२१ मध्ये आलेला पाचवा मेक्सिकोमध्ये. आखलेल्या ट्रॅकवर गोल गोल फिरणे इथे नसते. एक अख्खा प्रदेश मोकळा असतो. रस्ता सोडून शेतात शिरा, नदीत उतरा, नाहीतर टेकडीवरून उडी मारा, कोणी अडवत नाही. जपानमध्ये खेळ न्या, अशी चाहत्यांची कित्येक वर्षांची मागणी होती. सहावा भाग जपानमध्ये आहे. मग शंका कसल्या?

पहिली शंका कमाईची. पाचव्या भागाची सुरुवात आमच्या हाऊसमध्ये सगळ्यांना आवडते, कारण तिथे मालवाहू विमानातून एकेक गाडी खाली सोडतात. पॅराड्रॉप पाहिला की आपली मुले टाळ्या वाजवणारच. पण त्या पहिल्या काही मिनिटांतच जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक तुमच्या हातात येते. पुढे नशिबाचे चाक फिरते आणि गाड्या फुकट पडत राहतात. दोन दिवसांत माझ्या गॅरेजमध्ये इतक्या गाड्या झाल्या की निम्म्यांची नावे मला सांगता येत नव्हती. दादाने मला पहिला भागही दाखवला आहे. तिथे सुरुवातीला एक जुनी फोक्सवॅगन कोराडो मिळते आणि हाताला पिवळा रिस्टबँड. शर्यती जिंकाल तसा रिस्टबँडचा रंग बदलत जातो आणि शेवटी सोनेरी होतो. त्या कोराडोने मी इतक्या शर्यती हरलो की तिचे कोणते वळण कुठे सुटते ते मला अजून आठवते. फुकट मिळालेल्या गाड्यांपैकी एकीचेही आठवत नाही.

आपल्या शाळेत हे वेगळे समजावून सांगायला नको. खांद्यावरची पट्टी पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाटली असती, तर ती इस्त्री करायला पहाटे कोण उठले असते? सहाव्या भागात खेळाडू साधा पर्यटक म्हणून जपानमध्ये उतरतो आणि रिस्टबँड मिळवत वर चढतो, असे निर्मात्यांनी सांगितले आहे. हे ऐकून मला बरे वाटले. पण सुरुवातीलाच साडेपाचशेहून अधिक गाड्या असतील, असेही त्यांनी सांगितले आहे. इतक्या गाड्या खेळाडूपर्यंत पोहोचवायच्या तर पुन्हा फुकट वाटपाचा मोह होणारच, आणि मला भीती त्या मोहाची आहे.

दुसरी शंका रस्त्यांची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जपानमध्ये आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असते. तिथल्या डोंगरातल्या वळणदार रस्त्यांना 'तोगे' म्हणतात. 'इनिशियल डी' या चित्रकथेमुळे ते जगभर प्रसिद्ध झाले. तिच्यातला मुलगा रात्री जुन्या टोयोटातून घाटाने टोफू पोहोचवतो. गाडीत पाण्याचा पेला ठेवलेला असतो आणि ते पाणी सांडू द्यायचे नसते. वेगापेक्षा ताबा मोठा, हे त्या पेल्यात आले.

घाट म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आमचे गाव वाईजवळ आहे, म्हणजे पसरणीचा घाट दाराशीच. बाबा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. त्यांचे नियम आम्हा दोघा भावांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा ड्रायव्हर नव्हे, ओझे. आणि शाळेचे म्हणाल तर कंडाघाटहून साधुपूलमार्गे वर येणारा रस्ता आपण सगळ्यांनीच पोटात लिंबू-पाणी आणि हातात पिशवी घेऊन पाहिला आहे. आंधळ्या वळणाआधी बसचा ड्रायव्हर हॉर्न देतो, क्षणभर थांबतो, समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देतो आणि मग बस वळवतो. त्या क्षणभर थांबण्यात त्याची सगळी विद्या असते.

होरायझनमध्ये हे थांबणेच नसते. मेक्सिकोचे रस्ते रुंद आणि सरळ, गाड्या ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या. वळण चुकले तर कुंपण मोडून शेतातून पुढे जा. फार चुकले तर एक बटण दाबा, वेळ काही सेकंद मागे जातो आणि वळण पुन्हा घ्यायला मिळते. मी मुद्दाम एकदा ज्वालामुखीच्या उतारावरून ब्रेक दाबत दाबत खाली आलो. ब्रेक तापून निकामी झाले नाहीत. बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते. पडद्याकडे एकदा बघून म्हणाले, "गाडी भारी आहे. घाट कुठाय?"

हाच माझा प्रश्न आहे. अरुंद तोगेवर बारा गाड्या एकदम सोडल्या आणि मागचा मुलगा पुढच्याला धक्का देऊन वळण काढू लागला, तर जपान फक्त चित्रापुरता उरेल. साकुराची फुले असतील, पण घाट नसेल.

जपानची खरी गंमत मला छोट्या गाड्यांत दिसते. तिथे 'केई' नावाचा एक वर्ग आहे. इंजिन ६६० सीसीपेक्षा मोठे नको, लांबी ३.४ मीटरच्या आत, रुंदी १.४८ मीटरच्या आत. आपल्याला हे वाटते तितके परके नाही. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० सुझुकीच्या अशाच छोट्या गाडीच्या घराण्यातली. इंजिन तेवढे थोडे मोठे, ७९६ सीसीचे. आपल्या फौजेची लाडकी जिप्सीही सुझुकीच्या जिम्नीची लांब केलेली बहीण, आणि जपानमध्ये जिम्नी १९७० साली याच छोट्या वर्गात जन्मली. अशा चिमुकल्या गाडीने घाट उतरायला लावणारी, धक्का देणाऱ्याला मागे टाकणारी शर्यत सहाव्या भागात असेल, तर मी बाबांनाही पेपर खाली ठेवायला लावीन.

तिसरी शंका आपल्यासारख्या वसतिगृहातल्या मुलांची आहे. चौथ्या भागापासून या खेळात दर आठवड्याला ऋतू बदलतो. ब्रिटनच्या हिवाळ्यात तळे गोठायचे आणि त्यावरून गाडी चालवता यायची, ते मला फार आवडले होते. पण त्याबरोबर दर आठवड्याची नवी कामेही येतात आणि ती त्याच आठवड्यात केली तर एखादी खास गाडी मिळते. आपण सत्रभर इथे. पहाटे पीटी, संध्याकाळी प्रेप, कन्सोलचे नावही काढायचे नाही. सुट्टीत घरी गेल्यावर कळते की या दरम्यान इतक्या गाड्या येऊन गेल्या. त्यांतल्या काही पुढे कधीतरी परत येतात, पण ते 'कधीतरी' आपल्या सुट्टीत पडेलच असे नाही. खेळ खेळाडूची वाट पाहणारा असावा, खेळाडूला हजेरी लावणारा नको. हजेरी घ्यायला आपले हाऊस मास्टर पुरेसे आहेत.

चौथी शंका सगळ्यांत मोठी. हा खेळ विकत घेतला तरी किती दिवस आपला? मागच्या भागांचा हिशेब मी मांडून पाहिला. पहिला भाग २०१२ मध्ये आला आणि २०१६ मध्ये ऑनलाइन दुकानातून काढला. दुसरा २०१४ मध्ये आला, २०१८ मध्ये गेला. तिसरा २०१६ ते २०२०. चौथा २०१८ मध्ये आला आणि १५ डिसेंबर २०२४ रोजी विक्री थांबली. कारण असे की गाड्यांची नावे आणि गाणी वापरायचे करार ठरावीक मुदतीचे असतात. आधी घेतलेल्यांचा खेळ चालू राहतो, नवीन माणसाला मात्र तो दुकानात मिळत नाही. आमच्याकडे चौथ्याची डिस्क आहे म्हणून आम्ही निश्चिंत.

पण सगळ्याच खेळांचे इतके बरे होत नाही. 'द क्रू' नावाचा मोटारींचाच खेळ २०१४ मध्ये आला होता. तो चालायला सतत इंटरनेट लागे. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि विकलेले खेळ असे मारू नका, या मागणीवर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. म्हणजे ही शंका माझ्या एकट्याची नाही. आमच्या गावात पावसाळ्यात वीजच जिथे दोन दोन दिवस जाते, तिथे इंटरनेटच्या भरवशावर किती राहायचे?

आता दुसरी बाजू. पाचव्या भागाला नावे ठेवत ठेवत मी त्यात किती तास घालवले, ते आईला विचारा. ही माणसे रस्त्यावरची धूळ आणि पावसाआधीचा उजेड ज्या प्रेमाने काढतात, त्याला तोड नाही. जपानही ती सुंदरच करतील, याबद्दल मला शंका नाही. शिवाय दादाला मशीन घ्यायचे आहे ते फक्त खेळासाठी नाही, हेही मला कळते. त्याच्या पाळ्या बदलत असतात. मी पुढे एनडीएच्या परीक्षेच्या मागे लागणार. सगळे ठरल्याप्रमाणे झाले तर घरच्या लांब सुट्ट्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. आमच्याही कराराला मुदत आहे. या खेळात एका पडद्यावर दोघांना एकदम खेळता येत नाही. एक शर्यत त्याची, एक माझी, आणि मध्ये भांडण. आम्हा दोघांना त्यातले भांडणच जास्त आवडते.

ते भांडण जुन्या मशीनवरही होते, म्हणून माझा निर्णय झाला आहे. दादा, या अंकाची प्रत घरी येईल तेव्हा हेच माझे उत्तर समज. मशीन आत्ता नको. मे महिन्यात लोकांना खेळू दे. हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत तीन गोष्टी कळतील : गाड्या कमवाव्या लागतात की वाटल्या जातात, घाटात ब्रेकला किंमत आहे की नाही, आणि इंटरनेट नसताना खेळ कितपत चालतो. तिन्हींची उत्तरे चांगली आली तर अर्धे पैसे माझ्या साठवलेल्या खाऊच्या पैशातून. ते अर्धे होणार नाहीत हे तुलाही माहीत आहे, पण जेवढे होतील तेवढे घ्यायचे, नाही म्हणायचे नाही.

तोवर चौथ्या भागाची डिस्क पुसून ठेव. पहिली शर्यत माझी.