खडू की शाडू?

मुलांनो, तुमच्या नखांत कधी पांढरी माती अडकली आहे का? माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या नखांत अडकली होती, आणि त्यापायी माझ्या हातून मोठी चूक झाली. तीच गोष्ट आज सांगते. त्या मुलाचं नाव मात्र सांगणार नाही. चूक माझी होती, त्याची नव्हे.

मी लातूरला प्राथमिक शाळेत शिकवते. २०२४ सालचा श्रावण होता. चौथीच्या वर्गातले खडू भराभर कमी होत होते. नवी पेटी सोमवारी उघडावी आणि गुरुवारी ती अर्धी व्हावी! एके दिवशी वह्या तपासताना त्या मुलाच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. नखांत पांढरं, मनगटावर पांढरं, खिशाच्या कडेलाही पांढरं. मी भर वर्गात विचारलं, "काय रे, खडू कुठं जातात ते आता कळलं!"

मुलं हसली. तो मान खाली घालून उभा राहिला. "मी न्हाई घेतले बाई," एवढंच म्हणाला.

"मग हे काय, भस्म लावलंस का?" मी म्हटलं. मुलं आणखी हसली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच तो माझ्या टेबलाशी आला. कागदाच्या पुडीत सुपारीएवढा वाळलेला गोळा होता. "बाई, खडू न्हाई ही. शाडू हाय. दोन्ही पाण्यात टाकून बघा."

मी दोन पेले घेतले. एकात खडूचा तुकडा टाकला, दुसऱ्यात तो गोळा. खडूतून चार बुडबुडे आले आणि तो तळाशी तसाच पडून राहिला. गोळा मात्र कडेकडेने ढासळायला लागला. मधल्या सुट्टीपर्यंत पेल्याच्या तळाशी नुसता मऊ चिखल!

असं का झालं? फळ्यावरचे बरेचसे खडू जिप्सम नावाच्या खनिजापासून बनवतात. प्लास्टर ऑफ पॅरिसही जिप्सम भाजूनच तयार होतं. ते पाण्यात कालवलं की थोड्याच वेळात घट्ट बसतं आणि मग सहजासहजी विरघळत नाही. शाडू ही माती. ती वाळवलेली असते, भाजलेली नसते. म्हणून पाणी लागताच तिचे कण पुन्हा सुटे होतात.

चौथीतल्या मुलाने डी.एड. झालेल्या बाईंना प्रयोगाने उत्तर दिलं होतं. आळ भर वर्गात घेतला होता, म्हणून माफीही भर वर्गात मागितली. सोपं नव्हतं ते. घसा कोरडा पडला होता. तो मात्र लगेच म्हणाला, "बाई, आमचं शेड बघायला येता का?"

संध्याकाळी गेले. शहराच्या कडेला पत्र्याचं लांबलचक शेड. भाडं एक, पण आत चार घरांचं काम. एका कोपऱ्यात पोळ्यासाठी मातीचे बैल वाळत होते. दुसरीकडे साच्यातून काढलेले गणपती. तिसरं घर महालक्ष्म्यांचे मुखवटे करत होतं. तुम्हाला ठाऊकच आहे, ज्येष्ठा गौरींना आपण मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतो. चौथं घर फक्त रंगकाम करणारं. पोळा, गणपती, महालक्ष्म्या संपल्या की नवरात्राचे घट, मग दिवाळीच्या पणत्या. सणांची रांग जशी पुढे सरकते, तसं शेडही बदलत जातं.

मी विचारलं, "आपल्या रानात एवढी काळी माती असताना शाडू गुजरातहून कशाला आणायची?" एक मामा हसले. म्हणाले, "बाई, काळी माती ओली झाली की फुगती आणि वाळली की भेगाळती. उन्हाळ्यात रान बघा की! गणपतीच्या पोटावर भेग पडली तर कोण घेईल?" बैलांसाठी ते तळ्यातली गाळाची माती आणतात आणि तिच्यात राख मिसळतात. शाडूच्या मूर्तीही उन्हात ठेवत नाहीत, सावलीत हळूहळू वाळवतात. घाई केली की तडा गेलाच म्हणून समजा.

मुलाची आजी एका पाटावर बसली होती. ती डोळ्यांची आखणी करते. चारही घरांच्या मूर्ती शेवटी तिच्या हाताखालून जातात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते तिच्या चांगलं लक्षात आहे. "तवा हात धुतलेलं पाणीबी आम्ही मातीतच घालायचो," ती म्हणाली.

भिंतीवर कोळशाने काहीतरी लिहिलेलं दिसलं. 'दोन ब्रश नेले.' 'पिवळा अर्धा डबा, परत दिला.' चारही घरं ब्रश, रंग, साचे एकमेकांचे वापरतात. विचारायचं नाही, फक्त लिहायचं. परत केलं की त्यापुढे तसं लिहायचं. मी त्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी खडूच्या पेटीशेजारी एक कोरा कागद लावला. आठवडाभरात सगळा उलगडा झाला. शेजारच्या दोन वर्गांतली मुलं, त्यांचे खडू संपले की आमच्या पेटीतून घेऊन जात होती. त्यांच्या बाईंनीच पाठवलेली! चोर कुणी नव्हताच. नव्हती ती फक्त नोंद.

त्याच वर्षी सप्टेंबर लागताच मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पोळ्याच्या आदल्या रात्री शेडचा पत्रा एका बाजूने गळायला लागला, नेमका मुखवट्यांच्या कोपऱ्यात. कच्च्या मातीवर पाणी म्हणजे काय, ते आपण पेल्यात पाहिलंच आहे. चारही घरांनी आपापलं काम सोडलं. मुखवटे आधी कोरड्या बाजूला नेले, मग जागा करण्यासाठी बाकीच्यांनी आपल्या मूर्ती फळ्यांवर दाटीवाटीने लावल्या. त्या सरकवासरकवीत गणपतीवाल्या घराच्या सात मूर्ती फुटल्या. दुसऱ्या दिवशी मुलगा उशिरा आला, डोळे लाल. मी काही विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. "मग त्या सात मूर्तींचं?" मी विचारलं. "चौघांनी वाटून घेतलं नुकसान," तो म्हणाला.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी शेडसमोर मांडणी झाली. लांब फळ्यांवर चारही घरांचा माल एकत्र. आमचा अख्खा वर्ग बघायला गेला. मुलांना सगळं समजावून सांगायला कोण होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

माझं माहेर नांदेडचं. तिथे गोदावरी आहे. लहानपणी मूर्ती पाण्यात सोडली की सगळं संपलं, असं वाटायचं. पण काही दिवसांनी पाणी ओसरलं की काठावर प्लास्टरचे हात, सोंडा दिसायच्या. बघवत नसे. लातूर शहराला अशी नदी नाही, पाणीही जपूनच वापरावं लागतं. त्या वर्षी मी शेडमधून वीतभर उंचीची, रंग न दिलेली शाडूची मूर्ती आणली. फक्त डोळे आजीने रेखलेले. अनंत चतुर्दशीला बादलीत विसर्जन केलं. सकाळी पाहिलं तर बादलीच्या तळाशी पांढरा गाळ.

तो मुलगा घमेलं घेऊन दारात उभा होता. वरचं पाणी त्याने जास्वंदीला घातलं, गाळ घमेल्यात काढून घेतला आणि म्हणाला, "बाई, ही माती पुढच्या वर्षाला चालती. आमच्या भिंतीवर तुमच्या नावानं लिहून ठेवतो."