तात्यांचे काळवीट

आमचे घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाते. त्या गावातल्या माणसाने पदरचे पैसे मोडून रानातले जनावर पाहायला कर्जत तालुक्यात जावे, याचे शेजारपाजारच्यांना हसू आले. पण आमच्या तात्यांना काचबिंदू झालेला. गेलेली नजर परत येत नाही, उरली आहे ती टिकवायची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. नळीतून पाहावे तसे त्यांना फक्त समोरचे दिसते. त्यांनी एवढेच म्हटले, "एकदा काळवीट दाखवा."

तात्या दहा-बारा वर्षांचे असताना लोकांच्या जोंधळ्यात माळ्यावर बसून गोफणीने हरणे हाकीत. स्वतःची गुंठाभर जमीन नाही. रात्रभर जागायचे आणि सुगीला पदरात पडतील ते दाणे घरी आणायचे. कळपाने पीक खाल्ले की शिव्या तात्यांनाच. तरी त्या जनावरांविषयी त्यांच्या तोंडून वावगा शब्द आम्ही ऐकला नाही. पुढे शिकार झाली, माळ नांगराखाली गेले, कळप दिसेनासे झाले. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले त्यात आमचा नेवासा तालुकाही होता. तो पक्षी मात्र आम्ही चित्रातच पाहिला.

जानेवारीत एका रविवारी भाकरी-ठेचा बांधून घेऊन, जीप ठरवून आम्ही रेहेकुरीला गेलो. काळविटांसाठी हे अभयारण्य १९८० साली झाले. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, तिथल्या तिथे हिशेब केला : साधारण ५३६ एकर. एवढ्याशा जागेत तरी जनावर लगेच दिसेल असे वाटले. दोन तास हिवर-बाभळी आणि वाळलेले गवत सोडून काही दिसले नाही. दूरवर पिवळसर माद्या दिसल्या, पण त्या तात्यांच्या नजरेच्या पल्ल्याबाहेर. जीपचे भाडे आमच्या डोक्यात फिरू लागले.

वाटेत उतरलो तेव्हा धाकटी म्हणाली, "आजोबा, इथं लेंड्यांचा केवढा ढीग आहे!"

तात्यांनी काठी टेकवली. "ताज्या हायेत का?"

"वरच्या ओल्या आहेत."

"मग गाडी बंद करा अन् गप बसा. नर आपली जागा सोडत न्हाय. त्याच ढिगावर माघारी येतो."

सोबतचा वनरक्षक हसला, पण मान डोलावली. पाऊण तास गेला. मग बोरीमागून तो आला. पाठ काळीभोर, पोट पांढरे, शिंगे पीळ घातल्यासारखी. तात्या भलतीकडेच पाहत होते. धाकटीने त्यांची हनुवटी धरून हळूच वळवली. "तिथं, आजोबा. सरळ."

बराच वेळ ते बोलले नाहीत. त्यांचा उजवा हात गोफण फिरवावी तसा वर उचलला गेला आणि पुन्हा मांडीवर आला. दोन लांब उड्या घेऊन काळवीट गवतात गेले.

भाकरी खाताना तात्यांनी वनरक्षकाला विचारले, "आता कुनाचं पीक खातात?"

"आसपासच्यांचंच. रात्री बाहेर पडतात. भरपाईचा अर्ज करता येतो."

"आन् राखायला कोन बसतं?"

त्यावर तो काही बोलला नाही. परतताना मिरजगाव येईपर्यंत तात्या धाकटीला विचारीत राहिले, जोंधळ्यात कुठे माळा दिसतो का, आणि त्यावर कोणी पोर आहे का.